बंद दगडखाणीतलं रान : अरवलीतून

पळसबन

टेकड्यांच्या धाग्यावर एका प्रतिसादात वाचलं, की खाण झाली म्हणजे जागा मेलीच, मग तिथे इमारती उठल्या तर काय बिघडलं? तिथेच उत्तर द्यायला घेतलं होतं, पण ते लांबत गेलं आणि मूळ विषय भरकटला असता. म्हणून हा वेगळा धागा.

मी मूळची साताऱ्याची, संसार मात्र गुडगावात. घराजवळ अरवली जैवविविधता उद्यान आहे, मेट्रोच्या गुरू द्रोणाचार्य स्थानकापासून फार लांब नाही. साधारण ३९० एकरांची ही जागा एकेकाळी दगडखाण होती. सुरुंग लावायचे, दगड फोडायचा, क्रशरवर खडी पाडायची आणि ट्रक भरून शहराकडे पाठवायचे. दिल्ली-गुडगावच्या कितीतरी इमारतींच्या पायात आणि स्लॅबमधे असाच अरवलीचा दगड आहे. खाणकाम थांबल्यावर मागे उरले ते उभे कापलेले कडे, खड्डे, खडीचे ढीग आणि जिथे तिथे माजलेली वेडी बाभूळ, म्हणजे परदेशातून आणलेलं काटेरी झाड. ५ जून २०१० ला गुडगाव महापालिका आणि 'आय ॲम गुडगाव' हा नागरिकांचा गट यांनी मिळून इथे उद्यानाचं काम सुरू केलं. झाडं कुठली, कुठे आणि का, याची आखणी विजय धस्माना यांनी केली. फेब्रुवारी २०२२ मधे या जागेला 'ओईसीएम' दर्जा मिळाला. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान नसूनही जिथे जीवसृष्टी दीर्घकाळ टिकून राहील अशी जागा, असा त्याचा अर्थ. हा दर्जा मिळवणारी देशातली ही पहिलीच जागा.

आता मुद्द्याचं. खाण म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट सुचते, खड्डा बुजवा आणि झाडं लावा. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. खाणीने डोंगराचं जे केलं ते वाईटच, त्याचं समर्थन कोणी करू नये. पण खाण बंद पडते तेव्हा त्या जागेत काही आकार तयार झालेले असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे. ते न बघता सरसकट हिरवा रंग फासला की जे यायचं असतं तेच येत नाही.

कड्यापासून सुरू करते. इथला दगड क्वार्टझाइट, पिवळट-तांबूस, अतिशय कठीण. कापलेल्या भिंतीवर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांचे अर्धे कापलेले उभे पन्हळ अजून दिसतात. जवळ जाऊन बघा. पन्हळाच्या तळाशी धूळ साठलेली असते, पावसात तिथे शेवाळ धरतं, त्यात कुठून तरी आलेलं रानअंजिराचं बी रुजतं आणि मुळं फटीत घुसतात. वरच्या बाजूला कुंभारमाशीने मातीची घरटी थापलेली असतात. उन्हं कलली की फटीतून पाली बाहेर येतात. वर जिथे कपार असेल तिथे शृंगी घुबड. त्याला घरटं बांधायची गरज नसते, खाली सरळ कडा आणि वर थोडा आडोसा मिळाला की उघड्या कपारीवर अंडी घालून मोकळं. असा कडा सपाट मैदानात मिळत नाही आणि उतार करून माती ओतली तर तोही जातो.

मग मोकळं खडीचं मैदान. 'इथे काहीच नाही' असं ज्याकडे बघून म्हणतात ते. टिटवी, रातवा, चंडोल यांचं सगळं त्याच्यावर. रातव्याची मादी दोन अंडी सरळ खडीवर घालते, काडीसुद्धा आणत नाही. दिवसा ती अंड्यांवर बसलेली असते तेव्हा तीन पावलांवरून दिसत नाही. डोळ्यांची अगदी बारीक फट उघडी, अंगावर खडीचेच राखाडी-तपकिरी तुकडे उमटलेले. आता या मैदानात दोन-दोन मीटरवर खड्डे खणून रोपं लावली, तर वृक्षारोपणाचा आकडा वाढेल आणि रातवा कायमचा जाईल.

मातीच्या भुसभुशीत दरडीत वेडे राघू बिळं करतात. डबराच्या ढिगात साळिंदर आणि घोरपड राहतात. पाण्याचं वेगळं लिहावं लागेल, ते प्रतिसादात लिहीन.

झाडांची गंमत अशी, की इथे नुसती 'देशी झाडं' लावली असं झालेलं नाही. उतारावर, जिथे वीतभरही माती नाही तिथे धौ. हा आपल्या धावड्याचा भाऊबंद. दगडाला धरून राहतो आणि गुरांनी सतत ओरबाडलं तर उभा न वाढता जमिनीलगत पसरत जातो, पण मरत नाही. वरच्या खडकाळ भागात सालई आणि कांडोळ. खोलगट, ओल धरून ठेवणाऱ्या जागी कळंब. मधल्या भागात पळस, हिवर, काळा कुडा. वाळूच्या जागी नेपती. यातलं बहुतेक कुठल्याही नर्सरीत मिळत नव्हतं, कारण कोणी मागतच नव्हतं. मंगरबनीसारख्या जुन्या राईतून आणि राजस्थानातल्या जंगलांतून बी आणून रोपवाटिका इथेच उभी करावी लागली. धौचं बी तर फारच कमी उगवतं. आज या उद्यानात दोनशेच्या आसपास जातींचे पक्षी नोंदलेले आहेत.

खाण बंद होऊन रान झालेली दुसरी जागा म्हणजे असोला-भट्टी अभयारण्य, दिल्लीच्या दक्षिण टोकाला. तिच्याबद्दलही लिहायचंय, पण आधी तुमचं ऐकते. कोणाच्या गावाजवळ बंद खाण आहे? तिथे काय काय दिसतं?

टेकडीवाला

पळसबनताई, उत्तम धागा. मी पुण्यातला, वेताळ टेकडीवर रोजचा. आमच्याकडेही वर जुनी दगडखाण आहे, पावसाळ्यात भरते. मोर भरपूर, खंड्या नेहमीचा. पावसाच्या सुरुवातीला नवरंगाची शीळ ऐकू येते.

पण आमचं दुखणं असं की टेकडीवर जो येतो तो झाडं लावतो. गिरिपुष्प या बाहेरून आणलेल्या झाडाने अर्धी टेकडी आधीच भरलीये, त्याच्याखाली गवत धड उगवत नाही. वाढदिवसाला झाड, स्मृतिदिनाला झाड, मग उन्हाळाभर कॅन भरभरून पाणी वाहायचं. त्यांचा भाव चांगला आहे हो, म्हणून बोलताही येत नाही. गवताळ माळ हा पण अधिवास आहे हे सांगितलं की लोक असे बघतात, जणू मी झाडांच्या विरोधात आहे.

निशिगंधा_क

वाचतेय. फोटो टाका ना ताई, विशेषतः त्या सुरुंगाच्या पन्हळांचे.

भूगर्भ

छान विषय. थोडी दगडाची बाजू सांगतो, कारण अरवलीचं जसंच्या तसं पुण्यात चालणार नाही.

क्वार्टझाइट म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. तो झिजून माती होतच नाही म्हटलं तरी चालेल, झाली तर वाळू होते. पाणी फक्त भेगांतून उतरतं. त्यामुळे अरवलीच्या खाणीत झाडाला जगायचं तर मूळ भेगेत गेलं पाहिजे. आपला बसाल्ट वेगळा. तो कुजतो, मुरूम होतो, पुढे त्याची चिकण काळी माती होते आणि ती पाणी धरते. शिवाय बसाल्ट थराथरांनी आहे. एक थर घट्ट, काळा, खडीला चांगला. त्याच्याखाली किंवा वर पोकळ्या असलेला मऊ थर, खाणवाले तो टाकून देतात. वाघोलीच्या खाणींतले जगप्रसिद्ध झिओलाइट आणि निळंशार कॅव्हन्साइट याच पोकळ्यांमधलं. खाण बंद पडल्यावर मऊ थर आधी झिजतो, घट्ट थर पुढे राहतो आणि मधे आडव्या लांबलचक कपारी तयार होतात. म्हणजे कड्यावर राहणाऱ्यांची सोय आपल्याकडे हळूहळू आपोआप होते.

म्हणून पुण्यातल्या खाणींत मातीची भर घालायची घाई नको. मुरूम धरायला लागला की गवत स्वतःहून येतं.

टेकडीवाला

@भूगर्भ, हे माहीत नव्हतं. खाणीच्या पूर्वेच्या भिंतीत तशी आडवी खाच आहे खरी. तिथे कायम पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसतात, आता दुर्बीण घेऊन नीट बघतो.

चंद्रपुरी

मी थोडं विरोधी लिहितो, राग मानू नका.

आमच्याकडे खदान म्हणजे कोळशाची उघडी खदान. मातीचे डोंगर उभे आहेत आणि त्यांच्यावर नुसती वेडी बाभूळ. त्या काटेरी गचपणात डुकरं आली, डुकरांच्या मागे बिबटे आले आणि वाघही आले. चंद्रपूरच्या दुर्गापूर भागात, वीज केंद्राच्या आसपास काय झालं ते पेपरात वाचलंच असेल. माणसं गेली. लहान पोरं गेली. बाहेरचे लोक येऊन म्हणतात, बघा, खदानीत वाघ नांदतोय, निसर्ग परत आला. आम्ही संध्याकाळी पोरांना अंगणात सोडत नाही.

तेव्हा प्राणी दिसला म्हणजे अधिवास चांगला झाला, असं समीकरण कृपया मांडू नये. तो तिथे का आला आणि त्याला जायला वाट कुठे आहे हे आधी विचारायला हवं.

पळसबन

@चंद्रपुरी, राग कसला, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमचा मुद्दा असोला-भट्टीला थेट लागू पडतो, म्हणून आता तिथलंच लिहिते.

भट्टीला दगडापेक्षा वाळूची खाण मोठी होती. क्वार्टझाइट कुजून झालेली जाडी, लालसर वाळू, बांधकामवाले तिला 'बदरपूर' म्हणतात. ती काढताना खड्डे इतके खोल गेले की भूजल लागलं. १९९० च्या सुमारास दरड कोसळून मजूर दगावले आणि त्यानंतर खाणी बंद झाल्या. असोल्याचा भाग १९८६ मधे अभयारण्य झाला होता, भट्टीचा १९९१ मधे जोडला गेला. दोन्ही मिळून ३२.७१ चौरस किलोमीटर. पुढे २००० सालापासून प्रादेशिक सेनेच्या इको टास्क फोर्सने भट्टीत लागवड केली. मुंबईच्या आपल्या बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) शिक्षण केंद्रही तिथे उभं राहिलं.

बिबटे तिथे आहेत. बीएनएचएस आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यांत आठ बिबटे वेगवेगळे ओळखता आले, २०२२ मधे ते जाहीर झालं. तरस, कोल्हे, नीलगाय, साळिंदर आहेतच. पण ते तिथे टिकून आहेत कारण असोला एकटं नाही. दक्षिणेला हरियाणात फरिदाबाद-गुडगावची अरवली आहे, मंगरबनी आहे, पुढे वाट राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पाच्या दिशेने जाते. ती वाट ठिकठिकाणी रस्त्यांनी आणि फार्महाउसांनी अरुंद केली आहे, गाड्यांखाली बिबटे मेले आहेत. उद्या ती पूर्ण तुटली तर असोल्याचंही तुमच्या दुर्गापूरसारखं होईल.

माकडांची आणखी एक कथा. २००७ मधे दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहरातली माकडं पकडून असोल्यात आणून सोडायला लागले. ज्या जमिनीवर झाडं अजून पुरती धरली नव्हती तिथे हजारो माकडं. त्यांना फळं-भाज्या बाहेरून आणून टाकाव्या लागतात आणि तरीही ती आजूबाजूच्या वस्त्यांत जातात. खाण बंद झालेली जागा म्हणजे शहराला नको असलेलं सगळं नेऊन ठेवायची जागा, हा विचार याच्या मुळाशी आहे. मला त्याची मनापासून चीड येते.

पहार

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहावंसं वाटलं.

आम्ही वडार. आज्याने आणि बापाने खाणीत दगड फोडला, मी शिकून बँकेत लागलो. ताईंनी भट्टीच्या मजुरांचा एका ओळीत उल्लेख केलाय. ते बहुतेक ओड समाजाचे, पिढ्यान्‌पिढ्या मातीकाम आणि दगडकाम करणारे, आमच्यासारखेच. खाण बंद झाली, अभयारण्य झालं, ते चांगलंच झालं. पण ज्याच्या हातात फक्त पहार आणि घण होता त्याने दुसऱ्या दिवशी काय करायचं? वस्ती अभयारण्याच्या हद्दीत आली की तोच अतिक्रमण करणारा ठरतो.

दुसरं, खाणीबद्दल सगळ्यात जास्त कळतं ते खाणीत काम केलेल्याला. कुठला दगड सुटा आहे, कुठली भेग पावसात उघडते, पाणी कुठून झिरपतं. माझा बाप नुसता पहारीच्या टोकाने भिंतीवर ठोकून आवाजावरून सांगायचा की इथून लांब उभे राहा. अशी माणसं पहारेकरी आणि वाटाडे म्हणून घेतली का कुठे? की त्यांना बाहेर काढून नवा गणवेशवाला ठेवला?

पळसबन

@पहार दादा, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. भट्टीत ओड समाजाच्या वस्त्या आजही आहेत आणि त्यांच्यावर हटवलं जाण्याची टांगती तलवार कायम राहिली आहे. खाणमजुरांना त्यांच्या जाणकारीसाठी कामावर घ्यावं हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. आमच्या उद्यानातही गुरं आणि सरपण बंद झालं तेव्हा पहिली झळ बसली ती शेजारच्या गावांना, गुडगावच्या सोसायट्यांना नव्हे. नागरिक गटांच्या बैठकांत हा विषय निघायला हवा तितका निघत नाही. मी जिथे जाते तिथे तो काढते, यापुढे तुमच्या बापूंचं ते पहारीने ठोकून बघणंही सांगेन.

निशिगंधा_क

पहार दादा, लिहीत राहा. असे प्रतिसाद येतात म्हणून इथे यावंसं वाटतं.

चतुरपंखी

ताई, पाण्याबद्दल लिहिणार होतात, त्याची वाट बघतेय. मी एमएस्सीला आहे, चतुर आणि टाचण्यांवर (चतुरांचे नाजूक, बारीक भाऊबंद) प्रकल्प करतेय. खाणीच्या डोहावर फारशा जाती का मिळत नाहीत?

पळसबन

@चतुरपंखी, चांगला प्रश्न. भट्टीची नीली झील फोटोत फार सुंदर दिसते, निळं पाणी आणि भोवती कडे. पण पाणपक्ष्यांच्या नजरेने बघितलं तर तिथे बसायला जागा कुठे आहे? काठ सरळ खाली उतरतो. टिबुकली आणि पाणकावळा यांना खोल पाणी चालतं, ते बुडी मारणारे. बगळ्यांना, तुतारींना, शेकाट्यांना घोट्याएवढं पाणी लागतं, ते डोहाला नाहीच. तुझ्या टाचण्यांचंही तेच. त्यातल्या बहुतेक अंडी घालतात पाणवनस्पतींच्या देठात आणि देठ यायला उथळ, उन्हाचा काठ लागतो. म्हणून खाणीच्या पाण्यात काही करायचंच असेल तर एका बाजूला डबर टाकून उथळ उतार करावा. बाकी तीन बाजू तशाच राहू द्याव्यात.

आणि खरी मजा मोठ्या डोहात नाहीच. खाणीच्या तळात ज्या छोट्या डबक्या पावसात भरतात आणि दिवाळीच्या आसपास आटतात त्यांच्याकडे बघ. त्या आटतात म्हणून त्यांत मासे नसतात आणि मासे नसतात म्हणून बेडकांची पिल्लं जगतात. आमच्याकडे पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री पिवळेजर्द झालेले बेडूक अशा डबक्यांत एवढा कल्लोळ करतात की बोललेलं ऐकू येत नाही. काही मंडळी डासांसाठी म्हणून यांत गप्पी आणि गंबुशिया सोडतात. ते मासे बेडकांची आणि चतुरांची पिल्लंही खातात, आणि डास खाण्यात चतुरांची पिल्लंच मुळात तरबेज.

चतुरपंखी

खूप धन्यवाद! माझी सगळी निरीक्षणं मोठ्या डोहाच्या काठावरची आहेत. या पावसात तळातली डबकी घेते.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे लोहखनिजाच्या खाणींचे डंप आहेत, डोंगराएवढे. त्यांच्यावर हिरवळ म्हणून काय लावलं, तर ऑस्ट्रेलियन बाभूळ. लांबून डंप हिरवा दिसतो, कागदावर पुनर्वसन झालं. आत शिरलात तर पानांचा जाड थर, खाली काही उगवत नाही, पक्ष्यांचा आवाज नाही. पावसात कडेची लाल माती अजूनही शेतात येते. खाण २०१२ ला थांबली, परत सुरू झाली, २०१८ ला परत थांबली, या सगळ्यात डंप तिथेच. पळसबन यांनी लिहिलेलं 'सरसकट हिरवा रंग' हे आम्ही रोज बघतो.

आजोबा_नाशिक

सर्वांचे प्रतिसाद अभ्यासपूर्ण. एक शंका विचारतो. वेडी बाभूळ इतकी वाईट असेल तर ती एकदम मुळासकट काढून का टाकत नाहीत? आमच्या तरुणपणी दुष्काळी भागात तिनेच सरपण पुरवले, हे विसरून चालणार नाही.

पळसबन

काका, नमस्कार. सरपणाचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, दिल्लीतही इंग्रजांनी ती साधारण शंभर वर्षांपूर्वी रिजवर, म्हणजे शहरातल्या अरवलीच्या टेकाडावर, लावली ती हिरवळ झटपट व्हावी म्हणूनच.

एकदम काढत नाहीत त्याची दोन कारणं. एक, ती मूळ धरून पुन्हा फुटते, नुसती तोडली तर पहिल्यापेक्षा दाट होते. मूळ खोडासकट खणून काढावं लागतं, ते काम कष्टाचं आणि सावकाशीचं. दुसरं, ती वाईट असली तरी आज कोणाचा तरी आडोसा आहे. तित्तर तिच्याखाली लपतात, कोल्ह्याची बिळं तिच्या मुळांत असतात. एका हंगामात शंभर एकर साफ केलं तर ते जातील कुठे? शिवाय कोवळ्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षं तिची विरळ सावली उपयोगाची पडते. म्हणून पट्ट्यापट्ट्याने काढायची, त्या पट्ट्यात देशी झाडं धरली की पुढचा पट्टा घ्यायचा. जिथे सगळी एकदम काढून टाकली तिथे वर्षभरात घाणेरी आणि गाजरगवत आलेलं मी इकडे बघितलंय.

आजोबा_नाशिक

समाधान झाले. सावकाश काढणे हेच योग्य दिसते. आमच्या पांडवलेण्यांच्या बाजूच्या डोंगरांनाही दगडखाणींनी ओरबाडले आहे, तिकडे तरुण मंडळी लागवड करतात. त्यांना हा धागा पाठवतो.

साळिंदर

एक फोटोग्राफर म्हणून लिहितो. घुबडाची कपार, रातव्याची अंडी यांची नेमकी जागा इथे कोणी लिहू नका ही विनंती. आमच्या भागातल्या एका खाणीत घुबडाची जोडी होती. जागा व्हॉट्सॲप गटावर फिरली, मग रोज सकाळी वीस-पंचवीस लोक, त्यात पिल्लं दिसावीत म्हणून वरून दोर सोडणारेही. पुढच्या वर्षी जोडी आलीच नाही. खाणीच्या कड्यावर पक्ष्याला पळायला एकच बाजू असते, समोरची. तिथे माणसं उभी राहिली की त्याला परत घरट्यावर येता येत नाही आणि पिल्लं उन्हात भाजतात.

टेकडीवाला

@साळिंदर, +१. मी वर खाचेचं लिहिलंय ते संपादित करू का?

साळिंदर

भिंतीची दिशा तेवढी काढा, बाकी ठीक आहे.

टेकडीवाला

संपादनाची मुदत संपली वाटतं, ॲडमिनना विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) केली आहे.

@पळसबनताई, आता प्रत्यक्ष कामाचं विचारतो. आमच्या गटात आता दहा-बारा जण तयार आहेत की या वर्षी खाणीच्या मैदानात एकही खड्डा खणायचा नाही. फक्त वरच्या कडेला, जिथे खडक फुटलाय आणि आधीच थोडं झुडूप आहे तिथे कांडोळ, सालई, धावडा लावून बघायचा. रोपं नर्सरीत मिळत नाहीत. बी कधी आणि कसं गोळा करायचं?

पळसबन

आधी ती जागा ज्या खात्याकडे असेल त्यांची लेखी परवानगी घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरंच कोणीतरी तिथे गिरिपुष्प लावून जाईल.

कांडोळ : फळं एप्रिल-मेमधे पिकतात, लाल, चांदणीसारखी. त्यावर बारीक ताठ केस असतात ते कातडीत घुसतात आणि दिवसभर आग होते, तेव्हा जाड हातमोजे हवेतच. फळ उकलायच्या बेतात असताना काढा, कापडावर सुकवा, काळं बी आपोआप सुटतं. फार दिवस ठेवू नका, त्याच पावसाळ्यात पेरा. सगळी फळं कधीच घेऊ नका, झाडाखाली पडायला अर्धी तरी सोडा.

सालई : बियांपेक्षा फांदी लावून चांगली येते. उन्हाळ्यात पानं झडलेली असताना मनगटाएवढी फांदी घ्या, चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवा आणि पहिल्या पावसाआधी लावा. एका झाडाच्या दोनच फांद्या, जास्त नाही.

धावडा : बी भरपूर येतं पण बहुतेक पोकळ. पसाभर पेरलंत तर थोडीच रोपं येतील, त्यावरून खचू नका. शक्य असेल तर जुन्या धावड्याखालची मूठभर मातीही पेरणीच्या वाफ्यात मिसळा.

लावताना खड्डा नको. पहारीने भेग थोडी मोकळी करा, मूठभर माती सारा आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जमीन आतून भिजली की लावा. कॅनने पाणी घालत बसू नका. सवय लागली की मूळ वरच्या वरच राहतं. पहिल्या उन्हाळ्यात बरीच रोपं वाळतील. काहींची वरची काडी वाळून पुढच्या पावसात खालून फुटवा येतो, म्हणून वाळलेलं लगेच उपटू नका.

पहार

टेकडीवाला, मी पण पुण्यातच आहे, वारजे. भेग कुठली धरायची आणि कुठल्या दगडाखाली उभं राहायचं नाही हे बघायला वडिलांना घेऊन येतो. गुडघे दुखतात त्यांचे, पण गाडी वरपर्यंत येत असेल तर येतील. रविवारी सकाळी जमेल का?

टेकडीवाला

जमेल म्हणजे काय, नक्की या. गाडीने येता येईल असा रस्ता आहे, फाटकाशी मी थांबतो. साडेसहाला. विपूत नंबर पाठवलाय.

भूगर्भ

मीही येतो. हातोडी घरीच ठेवून.